बिजलीचं साठ किलो वजन उतरवताना

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी आमच्या घोडीला, बिजलीला, बाहेर काढलं तर ती खडीच्या वाटेवर पाऊल टाकेना. मऊ मातीत उभी केली की पुढचे पाय पुढे काढून सगळा भार टाचांवर घ्यायची. डॉक्टरांनी खुरांवर तळहात ठेवला, खुराच्या वरच्या सांध्यामागे बोटं लावून नाडी पाहिली. नाडी ठणठण उडत होती, खूर तापले होते. लॅमिनायटिस. खुराचं नख आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजले होते. ती सूज वाढली असती तर हाड जागचं फिरलं असतं, आणि मग घोडी वाचवणं अवघड.

आमची बिजली मारवाडी, कुमैत रंगाची. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात घोडं ‘भरलेलं’ असलं तरच लोक थांबून बघतात. तेच आम्ही घरी चालू ठेवलं. रोज तीन किलो भिजवलेला हरभरा, वर गूळ, सणावाराला तूप, शिवाय लसूणघास आणि उसाचं वाढं. पावसाळ्याचे चार महिने आमच्या काळ्या रानात चिखल, म्हणून फेरफटका बंद. मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक उंचवटा आला होता, पाठीवर मधोमध पन्हळ पडली होती. येणारे-जाणारे तोंड भरून कौतुक करत होते. जाड घोड्याच्या रक्तात इन्सुलिन चढलेलं राहतं आणि तेच खुरांना भोवतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या रात्री मी घाबरून तिचं सगळं खाणं बंद केलं. डॉक्टरांना सकाळी सांगितलं तर ते रागावले. जाड घोडी उपाशी ठेवली की अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृतात साठते, आणि त्यात घोडी दगावू शकते. खाणं तोडायचं नाही, बदलायचं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. ज्यांच्या दारात जाड घोडं आहे त्यांना मी आधी हेच सांगते.

मग मोजमाप. शिंप्याकडची टेप आणली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर १८६ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १५७. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर आलं ४५७ किलो. शिवाय अंगावरची चरबी जोखायला हेन्नेके यांनी १९८३ साली केलेली १ ते ९ ची मोजपट्टी आहे. बरगड्या, मान, पाठ, शेपटीचं मूळ हाताने चाचपून आकडा द्यायचा. पाचच्या आसपास घोडं चांगलं. बिजली आठ होती. दाबूनसुद्धा बरगडी हाताला लागत नव्हती.

चंदी, म्हणजे हरभऱ्याचा दाणा, पूर्ण बंद झाली. वैरण वजनाच्या दीड टक्का, म्हणजे भिजवण्याआधी वजन केलेलं डोंगरचं वाळलेलं गवत रोज जवळपास सात किलो, चार वेळा वाटून, शेवटचं रात्री दहाला. तासभर पाण्यात बुडवून ठेवायचं, साखर पाण्यात उतरते, ते पाणी ओतून द्यायचं. उन्हाळ्यात गवत आंबतं म्हणून अर्ध्या तासावर आणलं. हत्ती गवत कुणी सुचवलं होतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे हाडांना कॅल्शियम मिळत नाही, म्हणून नको म्हटलं. गवत मासे धरायच्या जाळ्यासारख्या बारीक जाळीत, दोन जाळ्या एकात एक घालून, टांगलं. तासात संपायचं ते तीन तास पुरू लागलं. सोबत मिनरल मिक्श्चर, थोडी सोयापेंड आणि चाटायला सैंधवाचा खडा.

पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. मी गोठ्याकडे निघाले की ती खिंकाळायची, रिकामा तोबरा पायाने ढकलायची. अण्णा म्हणायचे, “पोरी, मुकं जनावर हाय, त्याचा तळतळाट घेऊ नगंस.” एकदा त्यांनी गुपचूप गूळ दिलाही. मी भांडले नाही. एक्स-रे काढला तेव्हा त्यांना सोबत नेलं. हाड फिरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं की कुठे थोडं सरकलं असतं तर काय झालं असतं. त्यानंतर अण्णांनी गुळाचा डबा घरात नेऊन ठेवला.

खूर थंड होईपर्यंत व्यायाम नाही. वाळूच्या जाड थरावर पाच आठवडे विश्रांती, नालबंदाने टाचा आणि पुढची बाजू दर पाच आठवड्यांनी तासली. मग मऊ रस्त्यावर हातात धरून दहा मिनिटं चाल. घोडीची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा मनगटावर घड्याळ बांधून तिची नाडी मोजायचे. सुरुवातीला पंधरा मिनिटं चालून आली की साठच्या खाली यायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली. माघात थोडी दुडकी चाल, फाल्गुनात पाठीवर खोगीर आणि हलकी चढण. लहान गोल वर्तुळात फिरवणं मी मुद्दाम टाळलं, त्याने खुरांवर ताण येतो. चैत्रात ऊन वाढलं तसं पहाटे साडेपाचला निघायचो.

वजन आठवड्याला दोन ते तीन किलोने उतरलं. मधे तीन आठवडे टेप जागची हलली नाही, तेव्हा मी हताश झाले होते. मामांनी तंगाची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याची, भोकं दाखवली. टेप हलली नव्हती, पण तंग एक भोक आत गेला होता, चरबीच्या जागी स्नायू येत होते.

अक्षय्य तृतीयेला घेर १७४, लांबी १५६. वजन ३९८ किलो. तळहात फिरवला की बरगड्या हलक्या लागतात, आयाळीखालचा उंचवटा मऊ होऊन बराच उतरला आहे. वीस मिनिटं दुडकी गेली की दहा मिनिटांत नाडी साठच्या खाली. आणि ती रवाल, म्हणजे न हिसकावता भरभर जाणाऱ्या, चालीत निघाली की मामा काही न बोलता लगाम सैल सोडतात.

आता पाऊस लांब नाही. बांधावर कोवळं गवत आलं की धोका परत येणार, त्यात साखर असते. बैलांना मळणीला बांधतात तसं सुतळीचं मुसकं मामांनी विणलं आहे, खाली एकच लहान भोक, एका वेळी चार काड्या तोंडात जातील एवढं. ते गालाला काचू नये म्हणून कडेला जुन्या धोतराची पट्टी अण्णांनी शिवून दिली.