क्लाउड-इनिटने पहिल्या बूटलाच स्टॅटिक आयपी: देवगड होमलॅब अपडेट

मंडळी, पावसाळ्यात आमच्या देवगडात लाईट जाते-येते, आणि आली की मिनी पीसी नि राउटर एकदमच सुरू होतात, मग राउटरचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) जागं व्हायच्या आत केव्हीएमवरच्या (लिनक्समधली आभासी मशीन चालवायची सोय) व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, बूट होऊन पत्त्याची वाट बघत बसतात. उबंटूत नेटवर्कसाठी थांबणारी सिस्टमडीची (बूट होताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस डिफॉल्टने १२० सेकंद अडून राहू शकते. म्हणून यावेळी सगळ्या क्लाउड इमेजना (व्हीएमसाठी तयार मिळणाऱ्या लिनक्स डिस्क) स्टॅटिक, म्हणजे कायम ठरलेले, पत्ते दिले, तेही क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला मशीनची सेटिंग करणारा प्रोग्रॅम) नोक्लाउड पद्धतीने, म्हणजे सीआयडेटा लेबलची छोटी आयएसओ व्हीएमला जोडायची, बस.

त्यात मेटा-डेटा, युझर-डेटा आणि नेटवर्क-कॉन्फिग अशा तीन फाईली. नेटवर्कची ही तिसरी फाईल वेगळीच लागते, युझर-डेटात कोंबून चालत नाही, कारण क्लाउड-इनिटचा लोकल टप्पा नेटवर्क उठायच्या आधीच चालतो, आयएसओ शोधतो, नेटप्लॅनची (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगची) फाईल लिहून मोकळा होतो, आणि युझर-डेटाचा नंबर त्याच्यानंतर लागतो. मला ही रचना फार आवडते, बाहेर कुणाला काही विचारायलाच लागत नाही.

नेटवर्क-कॉन्फिग फाईलमध्ये मांडणीचं व्हर्जन २ वापरलंय. इंटरफेसच्या (नेटवर्क कार्डाच्या) नावावर भरवसा न ठेवता त्याच्या ठरलेल्या क्रमांकाने, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसने मॅच केलं, कारण एका व्हीएमवर ईएनएस३ तर दुसऱ्यावर ईएनपी१एस० असं काहीही निघतं. आणि मॅक कोट्समध्येच लिहा हां! केव्हीएमचे मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, पुढचे आकडेही ६० च्या आतले आले आणि मध्ये एकही अक्षर नसलं तर पायथॉनचा यामल (या फाईली लिहायची पद्धत) पार्सर त्याला साठ पायाचा (दहाऐवजी साठाने मोजलेला) आकडा समजून एक भलामोठा पूर्णांक करून टाकतो, मग मॅच कुठलं व्हायला.

पत्ता १९२.१६८.१.२०/२४, राउटरचा पूल (डीएचसीपीने वाटायचे पत्ते) १०० पासून पुढे ठेवलाय म्हणजे टक्कर नाही. गेटवे४ (बाहेरच्या नेटवर्कचा रस्ता सांगणारी ओळ) आता जुनं झालं, त्याऐवजी राउट्समध्ये डिफॉल्ट लिहायचं.

नंतर पत्ता बदलायचा असेल तर मेटा-डेटातला इन्स्टन्स-आयडीही बदला, नाहीतर क्लाउड-इनिटला वाटतं मशीन तेच आहे आणि नेटवर्क परत लिहित नाही.

काल मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, राउटर उठायच्या आधीच व्हीएम एकमेकींना पिंग करत होत्या, जाम भारी वाटलं. आता आयपीव्ही६ चे पत्ते घालायला घेतोय.