वरचं अर्धं पान कुठे गेलं? एका व्यंगचित्राच्या विश्लेषणाचा माझा अनुभव

सरकारी खर्चावरचं एक राजकीय व्यंगचित्र घ्या आणि त्याचं विश्लेषण करा, असा स्वाध्याय होता. दिलेल्या यादीतून मी थॉमस नास्टचं चित्र निवडलं. न्यूयॉर्कचे पुढारी आणि ठेकेदार गोल करून उभे आहेत, खाली प्रश्न आहे ‘लोकांचा पैसा कोणी चोरला?’ आणि प्रत्येकजण शेजारच्याकडे बोट दाखवतोय. चित्रकार, साप्ताहिक (हार्पर्स वीकली), तारीख (१९ ऑगस्ट १८७१) हे रकाने लगेच भरून झाले. पुढची चौकडीही ओळखता आली: शहराच्या राजकारणाचा सूत्रधार ढेरपोट्या ट्वीड, त्याचा साथीदार स्वीनी, शहराचा हिशेब सांभाळणारा कॉनोली आणि महापौर हॉल.

गाडी अडली ती इंगरसॉलपाशी. हा फर्निचरचा ठेकेदार. तो पुढाऱ्यांच्या रांगेत, ट्वीडच्या इतक्या जवळ का? ‘प्रत्येक व्यक्तीची चित्रातली भूमिका लिहा’ हा रकाना सक्तीचा होता, तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नव्हता. आणि अभ्यासक्रमाकडून मिळालेली प्रत इतकी पुसट की कपड्यांवर आणि टोप्यांवर लिहिलेली अक्षरंसुद्धा लागत नव्हती. मी चांगली प्रत मागितली. उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि ते असं: ‘दिलेल्या चित्राच्या आधारेच लिहावे.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य. ज्या कागदावर विद्यार्थ्याने तासन् तास डोळे फोडायचे, तो कागद नीट आहे का एवढं पाहायला कुणाला किती वेळ लागतो? हा राग अजून गेलेला नाही.

शेवटी त्या अंकाच्या पूर्ण पानाचं स्कॅन मीच शोधून काढलं, आणि उलगडा झाला. आमच्या हातात दिलेलं चित्र अर्धंच होतं! मूळ पानावर एकाखाली एक दोन चित्रं आहेत आणि शीर्षक आहे ‘दोन मोठे प्रश्न’. वरचा प्रश्न असा, की इंगरसॉलची ‘कंपनी’ म्हणजे कोण? आणि त्या चित्रात इंगरसॉलच्या पाठीशी दिसतात ते ट्वीड आणि त्याची माणसं. म्हणजे ठेकेदार बिलं लावतो ती भागीदारांसाठी, आणि ती मंजूर करणारेही तेच भागीदार. हे वर दाखवून झाल्यावर खाली चोरीचा प्रश्न येतो. वरचं चित्र कापलं की खाली उरतात ती नुसती एकमेकांवर ढकलणारी माणसं. सरकारी खर्च हा विषयच त्यातून निघून जातो.

त्यानंतर लिहिणं भराभर झालं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच वर्षी जुलैत शहराचे हिशेब छापायला सुरुवात केली होती. न्यायालयाच्या इमारतीसाठी सुरुवातीला मंजूर झाले होते अडीच लाख डॉलर, आणि खर्च एक कोटीच्या पार गेला. प्लास्टरवाल्या गार्वीच्या नावावर दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर लागले होते. गार्वीसुद्धा चित्रात आहे. असा एखादा आकडा विश्लेषणात जरूर घ्या. त्याशिवाय ‘भ्रष्टाचारावर टीका केली आहे’ याच्या पुढे वाक्य सरकत नाही.

आणि त्या वर्तुळाबद्दल. बहुतेक जण ‘जबाबदारी झटकणे’ एवढं लिहून थांबतात. मला त्यात बिलाचा प्रवास दिसतो. १८७० मध्ये बिलं तपासायला जे मंडळ नेमलं, त्यात ट्वीड, कॉनोली आणि हॉल हे तिघेच होते. ठेकेदार बिल देणार, हे तपासणार, हेच सही करणार. पैसा ज्या हातांतून फिरला त्याच हातांची बोटं नास्टने शेजाऱ्याकडे वळवली आहेत. हे माझं मला सुचलं आणि ते लिहिताना फार बरं वाटलं.

एक राहिलंच: प्रतीकांच्या रकान्यात ओढूनताणून काही भरू नका. या चित्रात वाघ नाही, न्यायदेवता नाही, सगळी खरी माणसं आहेत, आणि मी तसंच लिहिलं. टॅमनीचा, म्हणजे ट्वीडच्या राजकीय संघटनेचं प्रतीक असलेला वाघ नास्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या चित्रात आणला. तुलनेला दुसरं चित्र मागितलं असेल तर तेच घ्या. ‘परिणाम’ या रकान्यात मात्र सगळं श्रेय चित्राला देऊ नका. हिशेब टाइम्सने आधीच बाहेर काढले होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ट्वीडच्या टोळीचे बरेच उमेदवार पडले, तरी ट्वीड स्वतः निवडून आला. त्याला दोषी ठरवायला १८७३ उजाडलं.

विश्लेषणासोबत मी पूर्ण पानही जोडलं, आणि यापुढच्या विद्यार्थ्यांना हीच प्रत द्यावी असं लेखी कळवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या हातात हेच चित्र पडलं, तर लिहायला बसण्याआधी वरचा भाग आहे का ते बघा.