तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकर घुमतोय, नवा घेऊ का?

परभणीत माझं ऑडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशा चारी बाजूंनी लोक येतात आणि स्पीकर काउंटरवर ठेवायच्या आधीच विचारतात, "दादा, काहीच लावलेलं नसताना गुंऽऽ गुंऽऽ करायलाय. गेला का हा? नवाच घेऊ का?" फोनवर मी दोन वाक्यांत सांगतो, आणि दोन वाक्यांत सांगितलेलं अर्धवट राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

नवा घेऊ नका, निदान आज तरी नको. मी बोलतोय ते पोटातच ॲम्प्लिफायर असलेल्या, थेट लाइटवर चालणाऱ्या स्पीकरबद्दल: बफरवालं (खर्जाच्या मोठ्या डब्याचं, म्हणजे वूफरवालं) होम थिएटर, टीव्हीखालचा साउंडबार, कॉम्प्युटरजवळची जोडी, गाण्याच्या क्लासमधले मॉनिटर स्पीकर. यातला घुमण्याचा आवाज बहुतेक वेळा बाहेरून आत आलेला असतो. तो केबलमधून येतो, चार्जरमधून येतो, घराच्या वायरिंगमधून येतो. त्याच जागी, त्याच केबलला नवा स्पीकर लावला की तोही तसाच घुमतो आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात.

पहिल्यांदा तो आवाज नीट ऐका. आपली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. या ५० च्या पटीत १००, १५०, २०० असे सूर तयार होतात. खर्जातला, एकसारखा, गोल आवाज असेल तर तो ५० किंवा १०० चा. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाही, त्यामुळे तिथे वरच्या पटीच ऐकू येतात. बर्रर्र असा दातेरी आवाज असेल तर त्यात अनेक पटी एकत्र असतात आणि तो बहुधा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टरकडून आलेला असतो. मधूनच टिर्र-टिर्र-टिर्र होऊन थांबत असेल तर मोबाइल स्पीकरपासून दूर ठेवून बघा. २जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओलहरींचे झटके सोडतो आणि जवळची कच्ची वायर ते पकडते.

गाणाऱ्यांना हा आवाज इतरांपेक्षा जास्त छळतो. सेलूच्या एक ताई घरी गायन शिकवतात. त्या लॅपटॉपवरचा तानपुरा स्पीकरला लावायच्या. पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर) तानपुरा लावला की काहीतरी हलतंय, सूर बसत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांचा कान अगदी बरोबर होता. पांढरी पाचचा खर्ज म्हणजे ९८ हर्ट्झ आणि विजेचा आवाज १०० चा. दोन सूर इतके जवळ आले की ते एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. लहान मुलं अशा आवाजात सा लावायला शिकत असतील तर ही साधी तक्रार नाही. आम्ही लॅपटॉपचा चार्जर काढला, आणि तानपुरा जागच्या जागी स्थिर झाला.

कुठल्याही घरी घुमण्याचं मूळ मी याच पद्धतीने शोधतो. एकेक गोष्ट काढत जायचं आणि ऐकायचं. स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

स्पीकरच्या पाठीमागून सगळ्या सिग्नलच्या केबल काढा, फक्त लाइट चालू ठेवा. केबल स्पीकरच्या बाजूनेच काढायची. लोक मोबाइलमधून ऑक्सची पिन काढतात आणि तिचं दुसरं टोक स्पीकरमध्ये तसंच ठेवतात. अशी उघडी लोंबती वायर अँटेनासारखी हवेतली वीज पकडते आणि धडधाकट स्पीकरही घुमायला लागतो. सगळं काढल्यावर शांत झाला तर स्पीकर चांगला आहे. आता एकेक केबल परत लावा. जी लावल्यावर आवाज येईल, तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा. आवाजाचं बटण फिरवूनही बघा. बटणाबरोबर घुमणं वाढत असेल तर ते बटणाच्या आधीच्या भागातून, म्हणजे केबल किंवा तिच्या पलीकडच्या यंत्रातून येतंय. बटण शून्यावर असतानाही तितकंच राहत असेल तर मामला स्पीकरच्या आतला.

जॅकचा धातूचा भाग बोटाने धरल्यावर आवाज कमी होत असेल तर केबलची जाळी, म्हणजे सिग्नल वायरीभोवतीचं तारेचं आवरण, कुठेतरी तुटलंय. ही जाळीच बाहेरची वीज अडवते. ती बहुतेक पिनजवळ, वायर सतत वाकते तिथेच तुटते. केबल बदला, विषय संपला.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर हेच कारण. चार्जरमध्ये बाहेरचा गोंगाट कमी करण्यासाठी छोटे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब (व्होल्टेज) येऊन बसतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण उलट्या बोटाने लॅपटॉपला स्पर्श केला की झिणझिण्या येतात. तो दाब ऑक्सच्या वायरीतून स्पीकरकडे निघतो आणि आपण त्याला हमिंग म्हणतो.

टीव्हीशी जोडलेल्या होम थिएटरमध्ये मी सगळ्यात आधी गच्चीवरून येणारी डिशची किंवा केबलची जाड वायर काढायला सांगतो. ती वायर बाहेरून स्वतःचा वेगळा अर्थ, म्हणजे जमिनीशी वेगळी जोडणी, घेऊन घरात येते. इकडे बफर सॉकेटच्या अर्थला, तिकडे सेट-टॉप बॉक्स गच्चीच्या अर्थला. दोन अर्थांच्या दाबात थोडा जरी फरक असला तरी तो फरक मिटवायला करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय सोपे आहेत. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या बोर्डावर घ्या. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ती केबल वापरा. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे तिच्यातून हमिंग येऊच शकत नाही. ब्लूटूथनेही तेच साधतं. छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तोही चालतो, पण फार स्वस्तातला घेतला तर ढोलकीचा घुमार आणि बेस खातो. मॉनिटरला बॅलन्स्ड इनपुट असेल आणि समोरच्या यंत्रालाही तसंच आउटपुट असेल तर बॅलन्स्ड केबलच वापरा. तिच्यात सिग्नल दोन वायरींतून उलटसुलट जातो आणि वाटेत चिकटलेला आवाज पलीकडे वजा होतो.

आता ज्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो ते. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेलं असतं की प्लगची वरची जाड पिन तोडा, हमिंग जाईल. हमिंग जातं हे खरं आहे. लूप तुटतो, म्हणून जातं. पण हात जोडून सांगतो, ती पिन तोडू नका. ती बाकीच्या दोन पिनांपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण प्लग घालताना तिने आधी लागावं आणि काढताना शेवटी सुटावं. आत फेजची वायर सुटून धातूच्या अंगाला लागली तर तो करंट त्या पिनमधून जमिनीत जातो, एमसीबी पडतो आणि माणूस वाचतो. पिन नसेल तर बफर शांतपणे वाजत राहतो, त्याच्या अंगात २३० व्होल्ट असतात आणि त्याला हात लावणारं पहिलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातलं लेकरू. आवाज बंद करायला केलेला हा उपाय मला कधीच मान्य होणार नाही, आणि पिन तोडलेला प्लग दुकानात आला तर तो बदलल्याशिवाय मी स्पीकर परत देत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्या पिनेला पलीकडे काहीच जोडलेलं नसतं. जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी पट्टीवरून दोनच वायरी गेलेल्या आहेत, फेज आणि न्यूट्रल. पुढे तीन भोकांची सॉकेटं बसली, तिसरं भोक रिकामंच राहिलं. नव्या घरातही सगळं ठीक असेलच असं नाही. अर्थची वायर ओढायचा कंटाळा म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या भोकात जोडून देतात. टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो, घरमालक खूश. पण न्यूट्रलमधून घरातल्या सगळ्या उपकरणांचा करंट परत जात असतो, तो आता स्पीकरच्या अंगाशी जोडला गेला. मोटार लावली, कूलर लावला की घुमणं वाढतं ते यामुळेच. ते घुमणं सहन करता येईल. पण न्यूट्रल कधी वाटेत तुटली तर स्पीकर, फ्रीज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या अंगावर पूर्ण दाब येतो.

म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलंत तर नुसता दिवा पेटवून दाखवण्यावर समाधान मानू नका. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा, घरात काही भारी उपकरण चालू असताना. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. वीस-तीस किंवा त्याहून जास्त दिसले तर अर्थ बहुधा लटकलेला आहे. भार चालू असूनही अगदी शून्य दिसलं तर मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि आत तो तुकडा आहे का बघा. मोजमाप त्याच्याच हातून होऊ द्या, स्वतः करू नका.

अर्थिंगचा खड्डा असला तरी त्याच्याकडे लक्ष लागतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपाभोवतीची माती सुटते, कोरडी होते, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. कोळसा आणि मीठ भरतात ते ओल धरून ठेवण्यासाठी आणि वीज सहज वाहावी म्हणून, पण त्यात पाणी पडायला हवं. एप्रिल-मेमध्ये वाढणारं आणि मृगाच्या पावसानंतर कमी होणारं हमिंग असेल तर मी आधी खड्ड्याकडे बघायला सांगतो. उन्हाळ्यात अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतत जा. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते हे मला ठाऊक आहे, धुण्या-भांड्याचं चालेल. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. स्पीकरच्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही, पण हे सगळं चालू आहे तोवर तेही होऊन जाऊ द्या.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की बर्रर्र आवाज येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याच्या विजेत मूळ ५० बरोबर ढीगभर पटी असतात, स्पीकरला बिचाऱ्याला त्या गाळता येत नाहीत. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच त्याला उपाय. पंखा हळू केल्यावर आवाज वाढत असेल तर गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून पायरी-पायरीने फिरणारा, कंडेन्सरवाला बसवा. लाइटची वायर आणि ऑडिओची केबल एकत्र गुंडाळून ठेवू नका. ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा, समांतर नेऊ नका.

हे सगळं करून, सगळ्या केबल काढूनही स्पीकर घुमत असेल तर मात्र दोष त्याच्या आत आहे. कान आधी पडद्याजवळ आणि मग खोक्याला लावून बघा. पडदा शांत आणि खोकं थरथरतंय, तर ट्रान्सफॉर्मर कंप पावतोय. स्क्रू आवळून किंवा खाली रबर देऊन ते बरंच कमी होतं. पडद्यातूनच १०० हर्ट्झचा गोल घुमार येत असेल तर फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत. विजेचा चढउतार सपाट करणं हे त्यांचं काम, आणि उष्णता हा त्यांचा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चाळीसच्या वरचा आपला उन्हाळा, बंद कपाट आणि दिवसभर चालू ठेवलेला बफर, म्हणजे ते लवकर संपणारच. बदलायला नव्या स्पीकरच्या मानाने अगदी किरकोळ खर्च येतो. घरी उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते.

तेव्हा दुकानात घेऊन या. येताना नुसता स्पीकर आणू नका. ज्या केबलने लावता ती केबल, लॅपटॉपचा चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्डही पिशवीत टाका. आणि फोन करणार असाल तर केबल काढून आवाज आला का, बटणाबरोबर वाढला का, हे आधी बघून ठेवा. मी सगळ्यात पहिल्यांदा तेच विचारणार आहे.