सातवा रकाना: नातेवाईकाची सही

कॅनडात, दक्षिण ओंटारिओतल्या आमच्या लहानशा गावात चौकातल्या स्मारकावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची 38 नावं आहेत. मागच्या वर्षी प्रत्येकाच्या नावाचा फलक दिव्याच्या खांबावर लावायचं ठरलं, आणि सहा जणांची माहिती काढायचं काम मी अंगावर घेतलं. मी मूळची साताऱ्याकडची. आमच्या भागात कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक 1914-19 च्या युद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. नुसते आकडे, नाव एकही नाही. इथे नावं आहेत, तर माणूस सापडलाच पाहिजे, असं मला फार वाटत होतं.

पाच जण पंधरा दिवसांत सापडले. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सहा लाखांहून जास्त फायली कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून फुकट खुल्या ठेवल्या आहेत.

सहाव्यावर गाडी अडली. दगडावर आद्याक्षर आणि आडनाव, तेही आपल्याकडच्या जाधव-पाटलांइतकं सर्रास. गावाच्या नावाने शोधलं तर कुणीच नाही. शेवटी वाचनालयातल्या मायक्रोफिल्मवर 1917 च्या स्थानिक वर्तमानपत्रातल्या चार ओळींत त्याची बटालियन सापडली आणि तिच्यावरून फाइल. आडनावात एक अक्षर कमी, भरती टोरांटोत. धंदा शेतमजुरी, डाव्या अंगठ्यावर व्रण. जवळची नातेवाईक आई, पत्ता स्कॉटलंडचा. 9 एप्रिल 1917 ला, ईस्टरच्या सोमवारी, बर्फ भुरभुरत असताना फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवरच्या लढाईत तो गेला. देह मिळाला नाही. फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या 11,285 कॅनडियन सैनिकांची नावं विमीच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्याचं आहे.

मला वाटलं, झालं काम. पण फलकांचं काम बघणाऱ्या कार्यालयाच्या अर्जात सातवा रकाना होता: गावातल्या नातेवाईकाची सही. तो रिकामा म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, वंशज शोधा. बाविसाव्या वर्षी गेलेल्या, लग्न न झालेल्या मुलाचे वंशज मी कुठून आणू? तिसऱ्यांदा ऐकलं की तो आपल्याच गावचा कशावरून, दगडावरचं आडनाव तर वेगळं आहे. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. आणीबाणीत कुणाला कळवायचं, या प्रश्नापुढे मी इथे अठरा वर्षं साताऱ्याच्या भावाचाच नंबर लिहिते आहे. म्हणून मी या गावची नाही का?

एक सांगते, फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचा. मी भरतीचा कागद आणि मृत्यूची नोंद बघून थांबले होते, त्यात तीन महिने गेले. मागच्या पानांत पगाराचं कार्ड असतं, पदकं कुणाला पाठवली ते असतं, आणि कधीकधी इच्छापत्रही. त्याचं होतं, दोनच ओळींचं: माझं जे काही असेल ते अमुक बाईंना. खाली पत्ता आमच्याच गावच्या एका शेताचा. तिथे तो कामाला होता. मुलगा गमावलेल्या आईला मिळणारं स्मृतिक्रॉस हे पदक स्कॉटलंडला गेलं, आणि त्याच्या चार वस्तू इथे आल्या.

ते पान छापून मी कार्यालयात टेबलावर ठेवलं. या वेळी अर्ज घेतला. सातव्या रकान्यात ‘लागू नाही’ असं मी त्यांच्याकडूनच लिहून घेतलं, पुढच्या कुणाला हेलपाटे नकोत म्हणून.

आणि हो, सैनिकी क्रमांक एकदा हाती लागला की नावाने शोधणं सोडून द्या. आडनावं चुकतात, क्रमांक सहसा चुकत नाही. दगडाचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, झिजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात.

11 नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, अकरा वाजता सगळी नावं मोठ्याने वाचली. त्याचं मी वाचलं. त्याचा फोटो कुठेच मिळाला नाही, म्हणून फलकावर पॉपीचं, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं, फूल आहे. खाली आडनाव दोन्ही स्पेलिंगांत आहे, एक दगडावरचं, एक त्याने स्वतः सही केलेलं.