वायपर आणि वापसा

मराठवाड्यात गाडीच्या वायपरला काम असतं ते जेमतेम चार महिने, तेही अधूनमधून. परतीचा पाऊस गेला की पुढचे आठ महिने तो काचेवर नुसता पडून असतो. एप्रिल-मेमध्ये लातुरात पारा चाळिशी ओलांडतो, काचेला हात लावला तर चटका बसतो, रबर कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. जाणते ड्रायव्हर म्हणूनच गाडी उन्हात लावली की वायपरच्या काड्या उभ्या करून ठेवतात. पण रबर निदान डोळ्यांना दिसतं. आतली मोटर, तिचं ग्रीस, वायरींचे जोड यांचं आठ महिन्यांत काय झालं, ते पाऊस पडल्याशिवाय कळत नाही. आणि पाऊस पडला की ते दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. का, ते पुढे येईलच.

शिवाय या दुखण्याला सहानुभूती नाही. कोकणातला माणूस पावसाला खुशाल शिव्या घालू शकतो, त्याला ते परवडतं. आमच्याकडे ‘वाटेत पाऊस लागला आणि वायपर बंद पडला’ असं म्हटलं, की ऐकणारा सरसावून विचारतो, ‘कुठवर होता? केजच्या अलीकडं का पलीकडं?’ गाडीचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात बॉनेट उघडून काच धुण्याच्या टाकीत लिटरभर पाणी ओतायचीसुद्धा लाज वाटायची. मग कोरड्या काचेवर कोरडा वायपर. धुळीनं खरखरत काचेवर ओरखडे उठले, ते अजून आहेत. रात्री समोरून ट्रक आला की सगळे एकदम चमकतात.

माझी गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. एका जूनमध्ये अंबाजोगाईमार्गे बीडला निघालो होतो. नेकनूरच्या अलीकडे आभाळ फाटलं. वायपर सुरू केला तर तो अगदी नाइलाजानं उठल्यासारखा वर चढू लागला. हेडलाइट लावले तर आणखी मंद. उजवीकडचा इंडिकेटर दिला, तर वायपर त्याच्या ठेक्यात अडखळायला लागला: दिवा पेटला की थबके, विझला की हले. शेवटी वैतागून बंद केला, तर पठ्ठ्या खाली जायचं सोडून काचेच्या मधोमध, बरोबर माझ्या नजरेसमोर आडवा थांबला.

टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरनं शब्द न बोलता बिडी फोडली, आतली तंबाखू ओल्या काचेवर चोळली आणि ‘आता जावा सावकाश’ म्हणाला. तंबाखू चोळलेल्या काचेवर पाण्याचे थेंब बनत नाहीत, पाणी पातळ पसरून ओघळतं आणि रस्ता बऱ्यापैकी दिसतो. जुन्या ड्रायव्हर लोकांची ही विद्या, रिमझिमीत उत्तम चालते. मांजरसुंब्याच्या घाटात मुसळधार असेल तर मात्र तंबाखूच्या भरवशावर उतरू नये. मी टपरीवरच थांबून राहिलो. चहा बरा होता.

लातूरला परतल्यावर नेहमीच्या बॅटरीवाल्याकडे गेलो, तर शटर खाली. फोन लावला. मागे ट्रॅक्टरची घरघर. ‘सर, मी रानात हाव. सोयाबीन पेरायलोय. ट्रॅक्टर आजच्या दिवसच मिळालाय, वापसा गेला म्हंजे बसा बोंबलत. तुमचं वायपर काय पळून जातंय का?’ यावर काय बोलणार? जमीन फार ओली नाही, फार कोरडीही नाही, असे वापशाचे दिवस मोजकेच असतात. पहिल्या पावसानंतर अर्ध्या गावाची गॅरेजं अशी रानात असतात. ज्या दिवशी वायपर लागतो, त्याच दिवशी वायपरवाला तिफणीमागे किंवा ट्रॅक्टरवर.

मग स्वतःच बसलो. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, झाला टेस्टर. आधी फ्यूज. गुडघ्याजवळच्या डबीत पिवळा, वीस अँपिअरचा, शाबूत होता. त्याच्या शेजारच्या फ्यूजला मात्र कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. या चांदीचा मला मनस्वी राग आहे. फ्यूजनं आधी जळावं म्हणूनच तर तो लावलेला. त्याला चांदीनं अमर केलं की जळायची पाळी वायरिंगवर येते.

फ्यूज धड, मोटरीचा आवाजही येत होता. आवाज येऊन काड्या हलल्या नसत्या, तर काडीच्या बुडाचा नट ढिला झाला किंवा आतला सांधा निसटला, असं समजायचं. इथे काड्या हलत होत्या, फक्त मरगळून. आणि हेडलाइट लावल्यावर वायपर मंद का व्हावा? इंडिकेटरशी त्याचं काय नातं? नातं असतं करंटच्या परतीच्या वाटेवर. जुन्या गाड्यांत दिवे, इंडिकेटर, वायपर यांच्या अर्थिंगच्या वायरी बऱ्याचदा पत्र्यावरच्या एकाच बोल्टखाली येऊन बसतात. तो बोल्ट गंजला की सगळ्यांचा करंट एकाच दारात तुंबतो. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. गंजाचा विरोध पाव ओहम धरला तरी बारा व्होल्टांतले अडीच तिथेच खाल्ले जातात. बिचाऱ्या वायपरला उरणार काय?

हेडलाइट चालू ठेवून टेस्टरची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी मोटरीच्या अर्थिंगला लावली. बल्ब लालसर, पेंगुळलेला. तीच वायर थेट बॅटरीच्या मायनसला टेकवली, तर लख्ख. हेडलाइटमागे हात घालून तो बोल्ट शोधला. हिरवट-तपकिरी पापुद्रा धरलेला, पाना लावला तेव्हा करकरला. काचकागदानं पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरींची टोकं घासली, आवळलं, वर ग्रीस चोपडलं. वायपर सटासट फिरायला लागला.

तिथेच एक वायर उंदरानं कुरतडलेली दिसली. तांबं उघडं पडलं होतं, तुटायचं बाकी होतं. आईला सांगितलं तर तिनं पंचांग काढलं. यंदा अमक्या नक्षत्राचं वाहन उंदीर आहे म्हणे. म्हटलं, माझ्या वाहनाचंच ते नक्षत्र दिसतंय.

मधोमध थांबायची खोड मात्र गेली नाही. एरवी बटण बंद केल्यावरही वायपर खाली जाऊन निजतो, कारण मोटरीच्या गिअरवर एक छोटी चकती असते. काडी पार खाली येईपर्यंत ती दुसऱ्या वाटेनं करंट चालू ठेवते आणि खाली आली की तोडते. तिथला संपर्क मळला, की बटण बंद करताच काडी असेल तिथे थांबते. त्यासाठी मोटर उतरवून खोलावी लागते, आणि ते काम मी बॅटरीवाल्यासाठीच राखून ठेवलं.

तो उगवला तेव्हा पावसानं दडी मारलेली. रानात सोयाबीन कसंबसं वर आलेलं, कोवळी पानं दुपारी माना टाकत होती. परभणीचं कृषी विद्यापीठ ओरडून सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजाऱ्याची तिफण चालू झाली की कोण थांबतं? त्यानं मोटर खोलली. आतलं ग्रीस वाळून काळ्या मेणासारखं झालेलं. ते स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढलं, चकती पेट्रोलनं पुसली, पितळी पाती हलकेच वाकवून पुन्हा टेकवल्या, नवं ग्रीस भरलं. काचेवर मगभर पाणी ओतून बटण फिरवलं. वायपर डावीकडे, उजवीकडे, बंद केल्यावर गुमान खाली.

‘किती झाले?’ मी विचारलं.

त्यानं कापसानं हात पुसले, आभाळाकडे बघितलं. ‘ऱ्हाऊ द्या सर. पाऊस पडल्यावर द्या, तवाच कळंल चालतंय का न्हाई ते. आन् नाहीच पडला तर दुबार पेरणीला मीच येतो तुमच्याकडं उसने मागायला.’