मॅश टनाची जोडणी आणि धुलाई

मॅश टन म्हणजे उष्णता धरून ठेवणारे एक भांडे, ज्यात भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात तासभर मुरते, त्यातील पिष्टाची साखर होते आणि तळाच्या गाळणीतून गोड रस बाहेर येतो. सगळा रस धान्यापासूनच काढणारे घरगुती बिअरवाले हे भांडे वापरतात. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्या राज्यात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. म्हणून माझे काम रसापाशी थांबते. त्यात यीस्ट न घालता मी तो आटवतो आणि काकवीसारखा दाट पाक करून बरणीत भरतो. ४ किलो जवाच्या माल्टापासून मला साधारण अडीच किलो पाक मिळतो आणि घरातील मुले तो दुधात घालून आवडीने पितात.

भांडे म्हणून मी लग्नकार्यात थंड पाण्यासाठी वापरतात तसा जाड भिंतींचा २० लिटरचा जार घेतला. त्याचा मूळचा प्लास्टिकचा नळ काढून त्या भोकात स्टीलचे टँक निपल (भिंतीतून आरपार जाणारा आट्यांचा नळीचा तुकडा), दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे वायसर आणि बाहेर अर्ध्या इंचाचा स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. पितळी व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण त्यात बहुधा थोडे शिसे असते आणि आपला रस गरम व किंचित आंबट असतो, म्हणून इथे पैसे वाचवू नयेत असे माझे ठाम मत आहे. आतल्या बाजूला गाळणी हवी. गिझरला लावतात त्या कनेक्शन पाइपमधली रबरी नळी ओढून काढली की वरची स्टीलची जाळी मोकळी होते. तिचे एक टोक दुमडून बंद करावे आणि दुसरे क्लिपने निपलला आवळावे. जाळी खरोखर स्टेनलेस आहे की नुसता मुलामा आहे, हे आधी पाहून घ्यावे. जोडणी झाल्यावर गळती तपासायची ती ७५ अंशांच्या पाण्याने; थंड पाण्याला न गळणारा सांधा प्लास्टिक तापून फुगल्यावर गळू लागतो, आणि जारची भिंत उष्णतेने वाकते का किंवा वास सोडते का हेही त्याच वेळी कळते.

खानदेशात ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ती म्हणजे धान्याचे स्वतःचे तापमान. मॅश, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याचे मिश्रण, ६६ अंशांवर स्थिरावावा असे मला वाटते, कारण त्या सुमारास पिष्ट तोडणारी माल्टातील दोन्ही विकरे (एन्झाइम), अल्फा आणि बीटा अमायलेज, काम करतात. ७० च्या पुढे बीटा अमायलेज लवकर निकामी होते आणि ६० च्या खाली पिष्ट नीट फुलत नाही. ४ किलो माल्टाला मी १२ लिटर पाणी घेतो, म्हणजे किलोला ३ लिटर. पाणी किती तापवायचे याचा हिशेब सोपा आहे: ०.४१ ला ३ ने भागावे, आलेल्या आकड्याला हवे असलेले तापमान आणि धान्याचे तापमान यांतील फरकाने गुणावे आणि त्यात हवे असलेले तापमान मिळवावे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील माल्ट ४० अंशांवर असते, तेव्हा सुमारे ६९.५ अंशांचे पाणी पुरते. डिसेंबरच्या पहाटे तेच माल्ट १५ अंशांवर असते आणि पाणी ७३ अंशांचे लागते. परदेशी कृतींतील पाण्याच्या तापमानाचा आकडा उन्हाळ्यात जसाच्या तसा घेतल्याने माझे पहिले दोन मॅश जास्त तापले. जार आधी उकळत्याच्या आसपासच्या पाण्याने दहा मिनिटे तापवून घ्यावा, नाहीतर त्याच्या भिंती उष्णता पितात आणि वरचा हिशेब कोसळतो.

आमच्या बोअरचे पाणी जड आहे. मॅशचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, ५.२ ते ५.६ मध्ये हवा असतो आणि अशा पाण्यातील बायकार्बोनेट हा क्षार तो वर ढकलतो. पाणी आदल्या रात्री उकळून, गार करून, तळाचा पांढरा साका मागे ठेवून वरचे निवळ घेतले की बराच फरक पडतो.

तासाभराने नळ अगदी थोडा उघडावा. पहिला दीड-दोन लिटर रस गढूळ येतो. तो हलक्या हाताने परत वर ओतावा. माल्टाच्या टरफलांचा थर बसला की तोच खरी गाळणी होतो आणि स्टीलची जाळी फक्त त्याला आधार देते. घाई करून नळ पूर्ण उघडला तर ओढीने थर घट्ट बसतो आणि रस थांबतो. भरडताना टरफले अखंड राहावीत ती याचसाठी. पीठ जास्त झाले असेल तर धुतलेले भाताचे तूस मूठ-दोन मूठ मिसळतात. नवापूरकडे भात पिकतो, त्यामुळे आम्हाला ते मिळवणे जड जात नाही. नंतर ७५ अंशांचे १० लिटर पाणी घालून चोथ्यातील उरलेला गोडवा धुऊन घेतो. ७७ अंशांच्या वर गेले की टरफलांतील तुरटपणा उतरतो.

आता धुलाई, आणि या कामातील माझी खरी कळकळ तिथेच आहे. मॅश टनाला निर्जंतुक करण्याची गरज नसते, कारण रस पुढे उकळायचाच असतो. पण तो स्वच्छ आणि कोरडा मात्र असायलाच हवा. धान्याबरोबर आंबवणारे जिवाणू येतातच आणि ४३-४४ अंशांच्या दुपारी उरलेल्या साखरेवर ते काही तासांत वाढतात. म्हणून चोथा मी लगेच शेजारच्या आबांकडे देतो आणि दर वेळी सांगतो, “आबा, म्हशीला आजच घाला, उद्यासाठी ठेवू नका.” कुरडयांसाठी गहू भिजवताना आई रोज पाणी बदलायची आणि चीक काढल्यावर पातेली वाळत ठेवायची नाही, लगेच घासायला घ्यायची; वाळलेले पिष्ट खरवडावे लागते, हे तिच्याकडूनच मी शिकलो.

आधी कोमट पाण्याने विसळावे, मग ५० ते ६० अंशांच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेट (धुण्याची एक पांढरी पूड) विरघळवून अर्धा तास ठेवावे आणि मऊ स्पंजने पुसावे. तारेची घासणी वर्ज्य, कारण प्लास्टिकवरच्या ओरखड्यांत घाण बसते. ब्लीच स्टीलला टोचून खड्डे पाडते, आणि आम्लाशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ते मी या कामात आणतच नाही. क्षारांचा पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सुटतो.

एकदा सगळे धुऊनही जारला दह्यासारखा आंबट वास येत राहिला आणि त्याचे कारण मला तीन आठवडे सापडले नाही. शेवटी बॉल व्हॉल्व्ह उघडून सुटा केला, तेव्हा आतल्या गोळ्याच्या मागे चिकट काळपट रस साचलेला दिसला. नळ पूर्ण बंद असो वा पूर्ण उघडा, गोळ्याभोवतीच्या पोकळीत पाणी पोचत नाही. तो अर्धा उघडा ठेवून धुतले तरच पोचते. तेव्हापासून धुताना मी दांडा तिरपा ठेवतो, दर तिसऱ्या वेळी व्हॉल्व्ह सुटा करतो आणि जाळी काढून वाहत्या पाण्याखाली उलट बाजूने धुतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप दर वेळी नवी गुंडाळावी लागते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मग जार सावलीत उपडा वाळवतो आणि झाकण न लावता, नळ अर्धा उघडा ठेवून, वर पातळ कापड बांधून माळ्यावर ठेवतो.