सेंटओएस ७ वर पायथन ३.१२: बिल्ड झालं, आता तपासणी

मागच्या नोंदीत नुसती तयारी होती. आता पायथन ३.१२ या जुन्या लिनक्स मशीनवर नीट चालतंय: एसएसएल (सुरक्षित जोडणी) आहे, एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) आहे, सीटाइप्स (सी लायब्ररी वापरायची सोय) आहे, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार होतं आणि पिप, म्हणजे पायथनचं पॅकेज-साधन, पॅकेजं उतरवून घेतं. मशीनवर सेंटओएस ७ ठेवण्याचं कारण एकच. त्यातल्या मोजणी-कार्डाचा ड्रायव्हर ३.१० कर्नेलसाठीच बनलेला आहे आणि त्याचा सोर्स मिळत नाही. कार्डातून आलेला डेटा हाताळायचा कोड मात्र मला आजच्या पायथनमध्येच लिहायचाय.

आधी यम, म्हणजे सेंटओएसचं पॅकेजं बसवणारं साधन. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चं आयुष्य संपलं आणि त्यानंतर मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी देणारा) पत्ताही बंद झाला. त्यामुळे रेपोच्या (पॅकेज-भांडाराच्या) फायलींमध्ये मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएलमध्ये सेंटओएसच्या व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या पॅकेजांच्या संग्रहाचा, पत्ता घालावा लागतो. एससीएल या नवी साधनं देणाऱ्या जादा रेपोचंही तसंच. एवढं झालं की जुनी पॅकेजं पूर्वीसारखी मिळतात, नवे सुरक्षा अपडेट मात्र मिळत नाहीत. म्हणून हे मशीन मी बाहेरच्या जगाला उघडं ठेवत नाही आणि कुणी ठेवू नये असं मनापासून वाटतं.

सिस्टमचं पायथन २.७.५ आहे आणि त्याला हात लावायचा नाही. यम स्वतःच त्यावर चालतं. 'पायथन' या नावाची लिंक नव्या आवृत्तीकडे वळवली की यमच्या स्क्रिप्टमधली जुन्या पद्धतीची एक्सेप्ट ओळ सिंटॅक्स एरर देते आणि मग दुरुस्तीसाठी लागणारं पॅकेज आणायलाही यम उरत नाही. म्हणून नवं पायथन ऑप्ट (/opt) खाली स्वतंत्र डिरेक्टरीत, आणि शेवटची पायरी 'मेक इन्स्टॉल' नव्हे, 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. ऑल्टइन्स्टॉल फक्त आवृत्तीचा आकडा असलेली नावं तयार करतं, 'पायथन३' या नावावर हक्क सांगत नाही. डिरेक्टरी वेगळी असली तरी मी हाच नियम पाळतो.

खरी अडचण ओपनएसएसएलची, म्हणजे पायथनच्या एसएसएल मॉड्यूलला लागणाऱ्या लायब्ररीची. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं लागतं, आणि सेंटओएस ७ मध्ये आहे १.०.२. इथे गंमत अशी की बिल्ड थांबत नाही. कॉन्फिगर (बांधण्याआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालताना 'ओपनएसएसएलमध्ये एसएसएल मॉड्यूलला लागणारे एपीआय आहेत का' अशा अर्थाची एक ओळ येते, तिच्यापुढे 'नो' उमटतं आणि काम पुढे चालू राहतं. शेवटी पायथन तयार होतं, आकडेमोड करतं, फायली वाचतं. पिप चालवलं की मगच कळतं की एसएसएल मॉड्यूल नाही.

यावर दोन वाटा आहेत. ईपेल या जादा पॅकेजांच्या रेपोमध्ये ओपनएसएसएल११ नावाचं डेव्हेल (बांधकामाला लागणारं) पॅकेज आहे. त्याची हेडर आणि लायब्ररी वेगळ्या जागी असतात, म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये जिथे पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या साधनाला) 'ओपनएसएसएल' विचारलं जातं तिथे 'ओपनएसएसएल११' असा बदल करावा लागतो. पुष्कळ जण हेच करतात आणि ते चालतं. पण १.१.१ या मालिकेचा अधिकृत पाठिंबा सप्टेंबर २०२३ मध्येच संपला आहे. इतकी मेहनत घेऊन पायथन नवं करायचं आणि त्याच्या पोटात संपलेली लायब्ररी ठेवायची, हे मला पटत नाही. मी ३.० सोर्सवरून बांधलं.

त्यात दोन गोष्टी हाताशी ठेवा. ओपनएसएसएल ३ च्या कॉन्फिगरला पर्लचं आयपीसी-सीएमडी मॉड्यूल लागतं, ते यममधून घ्यावं लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची: ६४-बिट लिनक्सवर हे ओपनएसएसएल आपल्या फायली लिब६४ मध्ये ठेवतं, तर पायथनचा विथ-ओपनएसएसएल हा पर्याय दिलेल्या डिरेक्टरीखाली लिब मध्ये शोधतो. ओपनएसएसएल बांधतानाच लिबडिर म्हणून 'लिब' सांगितलं की हा गुंता उरत नाही. पायथनच्या बाजूला विथ-ओपनएसएसएल-आरपाथ हा पर्याय ऑटोवर ठेवला. त्यामुळे लायब्ररीचा रस्ता एसएसएल मॉड्यूलमध्येच कोरला जातो. एलडीकॉन्फिगमध्ये (सिस्टमच्या लायब्ररी-शोध यादीत) नवी जागा घालायची गरज पडत नाही आणि सिस्टमच्या बाकी प्रोग्रॅमना या नव्या ओपनएसएसएलचा पत्ताही लागत नाही. खात्रीसाठी लिब-डायनलोडमधल्या एसएसएलच्या डॉट-एसओ फायलीवर एलडीडी (कोणती लायब्ररी कुठून येते ते दाखवणारं साधन) चालवलं. लिबएसएसएलच्या ओळीपुढे ऑप्टमधला रस्ता दिसला की काम फत्ते.

आणि तरीही एक खाच राहते. पिप पॅकेजं आणतंय, पण पायथनच्या यूआरएललिब या वेब-मॉड्यूलने तोच पत्ता उघडला तर सर्टिफिकेट पडताळता येत नाही म्हणून नकार. कारण साधं आहे. पिप रूट सर्टिफिकेटांचा आपला गठ्ठा बरोबर घेऊन येतं, तर यूआरएललिब ओपनएसएसएलच्या ठरलेल्या डिरेक्टरीत बघतं, आणि आपण बांधलेल्या ओपनएसएसएलच्या त्या डिरेक्टरीत रूट सर्टिफिकेटंच नसतात. सिस्टमच्या पीकेआय-टीएलएसमधल्या सर्ट-पेम फायलीची लिंक तिथे टाकली की प्रश्न मिटतो. तेव्हा पिप चाललं म्हणून एसएसएल पूर्ण झालं असं समजू नका, यूआरएललिबने एखादं सुरक्षित पान उघडून बघाच.

कंपायलरबद्दल थोडक्यात. सिस्टमचं जीसीसी ४.८.५ आहे, तर पायथन ३.११ पासून सी११ कंपायलरची अट आहे. जुन्या जीसीसीवर ऑप्टिमायझेशनचा पर्याय चालू केला की बिल्ड मध्येच रनपाय मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही म्हणून कोसळतं, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. एससीएलमधलं डेव्हटूलसेट-११ घ्या आणि त्याच्या शेलमध्ये सगळं बांधा. सिस्टमचा कंपायलर जागच्या जागी राहतो. ऑप्टिमायझेशनला वेळ लागतो, कारण पायथन एकदा बांधून, चाचण्या चालवून, त्या मोजमापावर पुन्हा बांधलं जातं. माझ्या मते तो वेळ द्यावा.

मेक संपल्यावर शेवटच्या ओळी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोणती ऐच्छिक मॉड्यूलं बांधता आली नाहीत त्याची यादी तिथेच असते. सीटाइप्स नसेल तर लिबएफएफआय-डेव्हेल राहिलं. कॉम्प्रेशनच्या मॉड्यूलांपैकी एलझेडएमएसाठी एक्सझेड-डेव्हेल, बीझेड२ साठी बीझिप२-डेव्हेल. पायथनच्या शेलमध्ये वरचा बाण दाबल्यावर मागची आज्ञा येण्याऐवजी विचित्र अक्षरं उमटत असतील तर रीडलाइन-डेव्हेल. पॅकेज टाकल्यावर कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करायची, कारण कॉन्फिगरने आधीची उत्तरं लिहून ठेवलेली असतात.

३.१३ सोडून ३.१२ वर का थांबलो, तर एसक्यूलाइटमुळे. सेंटओएस ७ मधलं एसक्यूलाइट ३.७.१७ आहे. पायथन ३.१२ ते चालवून घेतं, ३.१३ ला किमान ३.१५.२ हवं. पण चालवून घेणं म्हणजे सगळं मिळणं नव्हे. मॉड्यूल बिनतक्रार इम्पोर्ट होतं, आणि 'विथ' ने सुरू होणारी क्वेरी दिली की सिंटॅक्स एरर, कारण ती सोय एसक्यूलाइट ३.८.३ मध्ये आली. अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर भर) तर ३.२४ मध्ये. माझ्या मोजणीच्या नोंदींना अपसर्ट हवंच, म्हणून आता नवं एसक्यूलाइट त्याच ऑप्टखाली बांधायला घेतलंय. ते जमलं की ३.१३ ची मुख्य अडचण दूर होईल.

पॅकेजांच्या बाबतीत जीलिबसी २.१७, म्हणजे सिस्टमची मूळ सी लायब्ररी, ही भिंत आहे आणि ती ओलांडायच्या फंदात पडू नये. बदलायला गेलं की अख्खी सिस्टमच जाते. मेनीलिनक्स२०१४ या छापाची व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) नेमकी याच २.१७ साठी असतात, ती बिनधास्त चालतात. ज्या पॅकेजांनी २.२८ ची पायरी धरली आहे त्यांची व्हील पिपला जुळत नाहीत आणि ते निमूट सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतं. ओन्ली-बायनरी हा पर्याय दिला की पिप व्हील असलेली जुनी आवृत्ती शोधतं, किंवा सरळ नाही म्हणतं. दोन्ही चालेल.

ज्यांना बांधकामात रस नाही आणि फक्त पायथन हवंय, त्यांच्यासाठी पायथन-बिल्ड-स्टँडअलोनची तयार बिल्डं आहेत. एक्स८६-६४ वरची ती जीलिबसी २.१७ वर चालतात आणि ओपनएसएसएल, एसक्यूलाइट आपल्यासोबतच आणतात. घाईच्या कामाला मी तीच सुचवेन.

मला मात्र प्रत्येक लायब्ररी कुठून येते हे माहीत असायला हवं, म्हणून ही वाट. पुढच्या नोंदीत एसक्यूलाइटचा आरपाथ. ओपनएसएसएलसारखा तयार पर्याय त्यासाठी नाही, लिंकरचे फ्लॅग हाताने द्यावे लागतील. कुणी हे ३.१३ बरोबर केलं असेल तर एलडीडीचं आउटपुट जरूर दाखवा.